मल्हार ड्रायव्हिंग स्कूलची गाडी

"वहिनी, सही करायच्या आधी एकदा गाडी बघून घ्या. मागनं म्हणाल, दस्तगीरनं दाखवलीच न्हाय," असं म्हणून दस्तगीर मिस्त्रींनी गाडीवरची ताडपत्री ओढली.

मी बघितलं आणि शेजारच्या टायरांच्या थप्पीवर मटकन बसले. अपघाताला पंधरवडा उलटून गेला होता, पण गाडी मी पहिल्यांदाच बघत होते. पुढचं तोंड पार चेपून आत गेलं होतं. बॉनेट मधोमध दुमडून उभं राहिलं होतं आणि काचेच्या जागी नुसती चौकट उरली होती. दारावरची 'मल्हार मोटार ड्रायव्हिंग स्कूल, फलटण' ही पिवळी अक्षरं आणि त्याखालचं 'महिलांसाठी खास सोय' एवढं मात्र जसंच्या तसं होतं. या डब्यातून दोन माणसं जिवंत बाहेर आली, हे मला डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना.

त्यातले एक आमचे हे, हणमंत भोईटे. फलटणात त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे, लहानथोर सगळे 'सर' म्हणत. बाजारातून चालताना कॉलेजच्या प्रिन्सिपॉलला मिळाले नसतील एवढे नमस्कार ह्यांना मिळायचे, कारण निम्म्या गावाला गाडी ह्यांनीच शिकवलेली. नमस्कार घेताना मान किती लववायची हेसुद्धा ह्यांचं ठरलेलं होतं. अपघातात ह्यांचा उजवा पाय घोट्यात मोडला होता.

दुसऱ्या मालनताई शेंडे. गाडी त्या चालवत होत्या. कालव्याच्या रस्त्यावर एक वासरू आडवं आलं, ब्रेक दाबायचा तो त्यांनी ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी पुलाचा कठडा फोडून खालच्या पाण्याच्या कोरड्या चारीत तोंडावर पडली. मालनताईंचं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले.

ही बाई काही हौसेनं गाडी शिकत नव्हती. तिचे यजमान भास्करराव यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून दोनदा त्यांना बारामतीला डायलिसिसला न्यावं लागे. दारात गाडी होती, पण ती चालवणारे भास्कररावच आता मागच्या सीटवर आडवे. भाड्याचा ड्रायव्हर कधी उगवायचा, कधी दांडी मारायचा. त्यानं दांडी मारली की डायलिसिस चुकायचं आणि दुसऱ्या दिवशी भास्कररावांचा चेहरा सुजून ओळखू येत नसे. म्हणून पन्नाशीला टेकलेल्या मालनताईंनी स्टिअरिंग हातात घेतलं होतं. बरं, चांगलंच घेतलं होतं. अपघाताच्या आधी थोडेच दिवस जेवता जेवता हे मला म्हणाले होते, "मालनताईंना आता माझी गरजच उरली नाही. मी नुसता शेजारी बसून हवा खातो."

अपघातानंतर घरात रोज एकच घोळ चालला होता, गाडी दुरुस्त करायची की आहे तशी विकायची. मालनताई मोडका हात गळ्यात अडकवून रोज संध्याकाळी येत, ह्यांच्या पलंगापाशी बसत आणि तेच म्हणत, "सर, विकू नका. दुरुस्तीचं समदं मी बघते. माझ्या हातनं मोडलीया." हे रोज हात जोडत. "तुमच्यामागं व्याप काय कमी आहेत का, ताई? मी ती विकून टाकतो. विषय संपला."

मला ह्यांचा केवढा अभिमान वाटला होता. एरवी भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारा माणूस, पण वेळ आली तेव्हा मोठ्या मनानं वागला, असं मी माहेरी फोन करून सांगितलंसुद्धा. लोणंदला कदम म्हणून एक होते, त्यांचंही ड्रायव्हिंग स्कूल होतं. त्यांनी गाडी आहे त्या अवस्थेत घ्यायचं कबूल केलं. गाडी माझ्या नावावर, म्हणून सह्या करायला मी गॅरेजवर आले होते. निघताना ह्यांनी बजावलं होतं, "सही कर आणि सरळ घरी ये. आत डोकावत बसू नकोस, काचा आहेत सगळीकडे."

"इंजन शाबूत आहे," दस्तगीर मिस्त्री सांगत होते. "पत्र्याचं काम, रेडिएटर, फुडची काच. महिन्याभरात उभी करतो. सरांनी इकायची एवढी घाई का लावली, आपल्याला तर कळंना. बरं वहिनी, एक इचारू? कदमांना सेटसकट पायजे होती. काल त्यांचा माणूस येऊन नाक मुरडून गेला. तुम्ही सेट येगळा इकला काय?"

"कसला सेट?"

"सरांच्या बाजूची पेडलं वो."

शिकाऊ गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेकची पेडलं बसवलेली असतात. शिकणारा चुकला की शेजारी बसलेल्यानं आपल्या पायानं ब्रेक दाबायचा. ती पेडलं असतात म्हणून तर लोक आपली लेक, सून, बायको परक्या माणसाबरोबर रस्त्यावर पाठवतात.

"आम्ही काही विकलं नाही," मी म्हणाले. "गाडी चारीतून थेट तुमच्याकडंच आली ना?"

"थेट. मीच क्रेन घेऊन गेलतो."

"मग अपघातात तुटून पडली असतील."

"तुटली न्हाईत. बोल्ट काढून सोडवल्यात. बघा की."

मी काचांची पर्वा न करता आत वाकले. डाव्या बाजूला पायाशी काहीच नव्हतं. नुसती रबरी मॅट होती, आणि तिच्या खाचाखाचांत पिवळा भंडारा अडकून बसला होता. तो बघितला आणि मला जेजुरी आठवली.

अपघाताच्या आदल्या दिवशी आम्ही जेजुरीला गेलो होतो. पुतण्याचं लग्न झालेलं, नव्या जोडप्याला देवाला न्यायचं होतं. मागं चौघं दाटीवाटीनं बसलो आणि सासूबाईंना पुढं बसवलं. त्यांचा गुडघा धरलेला, पाय लांब केल्याशिवाय त्यांना बसता येईना, आणि पाय लांब करावा तर ती पेडलं आड येत. तेव्हा ह्यांनी पाना आणला, दोन्ही पेडलं सोडवली आणि म्हणाले, "घे आई, पसर आता खुशाल." देवाला जाताना ह्यांनी असं पूर्वीही केलं होतं, आणि घरी आल्या आल्या चहाच्याही आधी ती परत बसवलेली मी पाहिली होती. त्या दिवशी यायला उशीर झाला, पाहुणे होते, सगळे भंडाऱ्यानं माखलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली शिकवणी मालनताईंची होती.

"वहिनी, पाणी देऊ का?" दस्तगीर मिस्त्रींनी विचारलं. मी मानेनंच नको म्हटलं. त्यांनी पुढं केलेलं पेन तसंच राहिलं. "आज सही राहू द्या," एवढंच कसंबसं बोलले आणि रिक्षात बसले. वाटेत रिक्षावाला काहीतरी विचारत होता, पण त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही.

घरी आले तर दारात मालनताईंच्या चपला. त्या नेहमीप्रमाणे ह्यांच्या पलंगापाशी स्टुलावर बसल्या होत्या. मांडीवर डबा होता. कोपऱ्यात सासूबाई माळ ओढत होत्या.

"बरं झालं वहिनी, तुम्ही आलात," मालनताई म्हणाल्या. "सरांना सांगत हुते. आमची गाडी इकून टाकतोय. उद्या सकाळी बघायला माणसं येणारेत. माझे हात त्या लायकीचेच न्हाईत. कुणाच्या तरी जिवावर उठायचे एखाद्या दिवशी."

"मग बारामतीला?" मी विचारलं.

"यष्टीनं. जमंल तवर जमंल." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "ह्यांनी कालच सांगितलं, म्हणाले, मालन, माझ्यापायी तू कुणाला मारू नगंस. मी हाय तवर हाय."

मी ह्यांच्याकडं बघितलं. मला अजून आशा होती. वाटलं, आता हे ऐकल्यावर तरी बोलतील. निदान एवढं म्हणतील, की ताई, उद्याच्या दिवस थांबा. ह्यांनी उशी सारखी केली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "झालं गेलं विसरा, ताई. माझ्या मनात काही नाही. तुम्हीही मनाला लावून घेऊ नका."

मालनताई उठल्या आणि त्यांनी ह्यांच्या प्लास्टरवर डोकं टेकवलं. ह्यांनी ते टेकवू दिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली होती, पण पलंगावरचा हा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय असं मला वाटलं.

त्या गेल्या. मी दार लावलं.

"पेडलं कुठं आहेत?"

ह्यांनी पांघरूण ओढून घेतलं. "कसली पेडलं?"

"डावीकडची. जेजुरीला जाताना सोडवलेली."

मग कोपऱ्यातून माळेचा आवाज थांबला. सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या डब्यामागून पोत्यात गुंडाळलेलं एक ओझं काढून माझ्यापुढं ठेवलं. "माझ्या गुडघ्यापायी झालं समदं," त्या म्हणाल्या. "बोलायचं तर मला बोल. त्याला नगं."

म्हणजे घरात आम्ही तिघं, त्यातल्या दोघांना सगळं ठाऊक. मीच तेवढी माहेरी फोन करून मोठ्या मनाचं कौतुक सांगत बसलेली.

"चूक तिचीच आहे," हे भिंतीकडं बघत म्हणाले. "ॲक्सिलरेटरवर पाय तिनं दिला. मी नाही."

"त्यासाठीच तुम्ही शेजारी बसता ना?"

ते प्लास्टरकडं बघू लागले. मग म्हणाले, "मी पाय मारला होता, रंजना. सगळा जीव एकवटून मारला. पायाखाली काहीच नव्हतं. नुसता पत्रा. तोवर मला आठवलंसुद्धा नव्हतं, की ती काढून ठेवलीत." त्यांनी पायाकडं बोट केलं. "घोटा चारीत पडल्यावर नाही मोडला. त्याच्या आधीच मोडला."

मला ह्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला. "उद्या ती बाई गाडी विकतेय," मी म्हणाले.

"मग काय करू? गावभर सांगू? लायसन्स जाईल. कोण पाठवील लेकीसुना माझ्याकडं? ही गाडी लोणंदला गेली की कुणाला काही कळायचं नाही. कदमांना मी सांगतो काहीतरी. तू फक्त सही कर."

मी ते पोतं उचललं आणि माझ्या उशाशी घेऊन निजले. झोप कसली लागते.

सकाळी ह्यांना चहा दिला, पोतं काखेला मारलं आणि कुणालाही न सांगता निघाले. ह्यांनी मागून दोनदा हाक मारली. सासूबाई दारापर्यंत आल्या, पण मला अडवलं नाही.

शेंड्यांच्या अंगणात दोन माणसं गाडीचं बॉनेट उघडून बघत उभी होती. मालनताई किल्ली घेऊन पायरीवर. मी पोतं त्यांच्या पायाशी ठेवलं आणि उघडलं. मनात जुळवून आणलेलं सगळं विसरून गेले, नुसतं जे होतं ते सांगितलं. जेजुरी, गुडघा, पाना, दुसरी सकाळ. तांदळाच्या डब्याचंही सांगितलं.

मालनताई ऐकत होत्या, की नव्हत्या, कळेना. त्या त्या पेडलांकडं एकटक बघत होत्या.

"म्हंजे सरांनी पाय मारला हुता," अखेर त्या म्हणाल्या.

"हो."

"हे जाग्यावर असतं तर गाडी थांबली असती."

"थांबली असती."

त्यांनी मान वळवली आणि बॉनेटपाशी उभ्या असलेल्या माणसांना सांगितलं, "गाडी इकायची न्हाय. जावा तुम्ही." ती माणसं काहीतरी कुरकुरली, पण मालनताईंचा चेहरा बघून निमूट गेली. मग मालनताई पायरीवरच बसल्या. "रोज मी त्यांच्या पायावर डोकं ठेवत हुते, वहिनी," त्या हळू म्हणाल्या. "रोज. आणि ते ठेवून घेत हुते."

मी त्यांच्या शेजारी बसले.

आतून भास्कररावांनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"भोईटे वहिनी आल्यात. आलेच मी जाऊन," असं म्हणून त्यांनी चांगल्या हातानं पोत्याचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. तशाच आम्ही दोघी भर सकाळी फलटणच्या रस्त्यानं चालत घरी आलो. वाटेत माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. वाटलं, ही आता पोलिसांत जाईल. जावं, असंही वाटलं. पण आमच्या पोटाचं काय, हेही वाटलंच.

त्यांनी पोतं ह्यांच्या पलंगावर ठेवलं. हे उठून बसायची धडपड करू लागले. "ताई, माझं ऐकून घ्या," म्हणाले.

"गाडी इकायची न्हाय, सर," मालनताई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "दुरुस्त करायची. तुमच्या खर्चानं."

"हो."

"आणि माझी शिकवणी पुरी करायची. त्याच गाडीत, त्याच रस्त्यावर."

"दुसऱ्या कुणाकडं तरी शिका, ताई. मी लोणंदला सांगतो, कदमांकडं..."

"तुम्हीच शिकवायचं."

हे हुंदके देऊन रडायला लागले. आजवर मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. मालनताईंनी त्यांना समजावलं नाही, की दटावलंही नाही. रडणं संपेपर्यंत थांबल्या आणि मग घरी गेल्या.

गाडी दुरुस्त झाली. पेडलं बसवायला हे कुबडी घेऊन स्वतः गॅरेजवर गेले. ती सुटी कशी राहिली होती, हे त्यांनी दस्तगीर मिस्त्रींना आपल्या तोंडानं सांगितलं. मग ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. शिकवणीला येणाऱ्या बायका गळाल्या, नमस्कारही निम्म्यावर आले. सासूबाई पुन्हा त्या गाडीत बसल्या नाहीत. मालनताईंचं मनगट जुळलं, ह्यांचा पाय जमिनीला टेकू लागला, आणि शिकवणी पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी बाईंनी स्टिअरिंगला हात लावला आणि तशाच परत उतरल्या. दुसऱ्या दिवशी चौकापर्यंत गेल्या. हळूहळू हात बसला. पण त्या ह्यांच्याशी कामापुरतंच बोलत, आणि गाडी सुरू करण्याआधी रोज वाकून डावीकडची पेडलं हातानं दाबून बघत.

शेवटच्या दिवशी त्यांनी मलाही बोलावलं. डायलिसिसचा दिवस होता. मागच्या सीटवर भास्कररावांच्या शेजारी मी बसले. हे नेहमीच्या जागी, पाय पेडलांवर. मालनताई बसल्या, आरसा नीट केला, किल्ली लावली. पण फिरवली नाही.

"सर, पाय वर घ्या."

"म्हणजे?"

"मांडी घाला. बारामतीपतुर."

"ताई, असं चालत नाही," हे म्हणाले. "शिकवणी आहे ही. काही झालं तर..."

"काही झालं तर काय, ते मला ठावं हाय. तुमालाबी ठावं हाय."

ह्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं. थांबव हिला, असं त्यांचे डोळे म्हणत होते. मी भास्कररावांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान सीटला टेकवली होती. मीही मागं टेकले.

ह्यांनी चपला काढल्या. आधी डावा पाय वर घेतला, मग तो मोडून जुळलेला पाय दोन्ही हातांनी उचलून वर ठेवला. पंगतीला बसावं तसे ते त्या सीटवर मांडी घालून बसले.

गाडी निघाली. गाव मागं पडलं, कालव्याचा रस्ता लागला. नव्यानं बांधलेला कठडा दिसू लागला तशी मी समोरची सीट घट्ट धरली. पुलावर एक बैलगाडी वळायला लागली होती आणि तिच्यामागून एक मोटरसायकल भसकन बाहेर आली. ह्यांचा उजवा गुडघा मांडीतल्या मांडीत जोरात उडाला, पण पाय खाली गेला नाही.

गाडी जागच्या जागी थांबली. मोटरसायकलवाला हात करून निघून गेला. बैलगाडी सावकाश पुलावरून उतरली. ह्यांनी दोन्ही हातांनी आपले गुडघे दाबून धरले होते. मालनताईंनी ते पाहिलं, गिअर टाकला आणि गाडी पुढं काढली. बारामती येईपर्यंत त्यांनी सरांना पाय खाली घेऊ दिले नाहीत.